विश्लेषण : मिठाचा रंग बदलला म्हणजे पथ्य पाळले का?

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात 'मीठ कमी करा' असा सल्ला मिळाला की सातारा-सांगलीतील अनेक घरांत पहिला बदल होतो तो मिठाच्या बरणीत. पांढरे बारीक मीठ जाते, सैंधव किंवा जाडे मीठ येते. या 'नैसर्गिक' मिठात सोडियम खरोखर कमी असते का? आयोडीनचे काय? आणि मग पथ्याचा स्वयंपाक करायचा तरी कसा?

मिरजेच्या दवाखान्यांत रोज सकाळी जत, आटपाडी, कवठेमहांकाळपासून ते सीमेपलीकडच्या कर्नाटकातील गावांपर्यंतचे रुग्ण येतात. कऱ्हाड आणि साताऱ्यातही चित्र फार वेगळे नाही. कोणाचा रक्तदाब वाढलेला, कोणाच्या पायांवर सूज, कोणाच्या हृदयाची ताकद कमी झालेली. तपासणी झाली की गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ असते, किंवा ती तोंडीच सांगितली जाते : मीठ कमी करा.

घरी पोहोचेपर्यंत या ओळीचा अर्थ बदलतो. कोणीतरी सांगते, 'कंपनीचं मीठ बंद करा, सैंधव सुरू करा.' मोबाइलवर तसाच एखादा व्हिडीओ येतो. किराणा दुकानातून गुलाबी मिठाचा पुडा येतो, नेहमीच्या मिठाच्या चौपट-पाचपट पैसे मोजूनही आणला जातो आणि घराला हायसे वाटते. भाजी मात्र पूर्वीइतकीच खारट असते, कारण मीठ आता 'औषधी' झालेले असते. खरी अडचण इथे आहे. डॉक्टरांनी मिठाचे प्रमाण कमी करायला सांगितले होते. घराने मिठाचा प्रकार बदलला.

सैंधव, पादेलोण, जाडे मीठ : फरक काय?

सैंधव म्हणजे शेंदेलोण. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे थर जमिनीखाली दबले आणि त्यांची मिठाची खाण झाली. सिंधू नदीच्या प्रदेशावरून त्याला सैंधव हे नाव मिळाले. भारतात येणाऱ्या सैंधवाचा मोठा वाटा पाकिस्तानातील पंजाबमधल्या खेवड्याच्या खाणीतून येत असे. मे २०२५ मध्ये पाकिस्तानातून होणारी सर्व आयात भारताने बंद केली. आपल्याकडे हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यातही खनिज मीठ निघते. त्याचा गुलाबी रंग मुख्यतः लोहाच्या अंशामुळे येतो.

पादेलोण म्हणजे काळे मीठ. त्याचा उग्र वास गंधकाच्या संयुगांचा. जाडे किंवा खडे मीठ म्हणजे मिठागरात समुद्राचे पाणी वाळवून काढलेले, फारसे शुद्ध न केलेले मीठ. आठवडी बाजारात ते सुटे मिळते. लोणच्यासाठी, मिरच्या खारवण्यासाठी आणि जनावरांसाठी ते आजही घेतले जाते.

'आपले आजी-आजोबा सैंधवच खात होते' असे हल्ली ठामपणे सांगितले जाते. या भागापुरते तरी ते खरे नाही. सातारा-सांगलीच्या रोजच्या स्वयंपाकातले मीठ हे कोकणातून घाट चढून येणारे समुद्राचे जाडे मीठ होते. सैंधव असे ते उपवासाच्या खिचडीसाठी, चूर्णासाठी, पोटाच्या तक्रारीवरच्या औषधासाठी, आणि तेही चिमूटभर. उपवासाला चालते म्हणून ते 'शुद्ध', आणि शुद्ध म्हणून ते 'निरुपद्रवी', अशी समजुतीची पायरी आपण नकळत चढलो आहोत.

नैसर्गिक मिठात सोडियम कमी असते का?

जवळजवळ नाही. कोणतेही खाण्याचे मीठ घेतले तरी त्याचा बहुतांश भाग सोडियम क्लोराइड हाच असतो. शुद्ध सोडियम क्लोराइडच्या १ ग्रॅममध्ये सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असते. सैंधवात इतर क्षार आणि मातीचा अंश असतो, म्हणून हा आकडा किंचित खाली येतो. जाड्या मिठात थोडा ओलावा असतो, म्हणून तिथेही किंचित खाली. पण हा फरक शेकड्यात दोन-चारचा आहे. ज्याला मीठ निम्म्यावर आणायचे आहे, त्याच्यासाठी तो नसल्यासारखाच.

चमचा मात्र फसवतो. खड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे जाड्या मिठाचा एक चमचा वजनाला बारीक मिठापेक्षा हलका भरतो. म्हणून 'सैंधव कमी खारट असते' असे वाटते. चव जुळवण्यासाठी मग आणखी अर्धा चमचा पडतो आणि सोडियम होते तिथेच येते. मिठाची तुलना करायची तर ती वजनाने करावी लागते.

मग त्यातल्या त्या अनेक खनिजांचे काय? ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या गुलाबी मिठांची तपासणी करून २०२० मध्ये संशोधकांनी निष्कर्ष काढला, की त्यातील खनिजांचा पोषणाला म्हणण्यासारखा उपयोग व्हायचा तर दिवसाला किमान ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे सहा चमचे मीठ खावे लागेल. इतके मीठ खाल्ल्यास फायद्यापेक्षा नुकसान कितीतरी मोठे. त्याच तपासणीत एका नमुन्यात शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळले. दिवसाच्या ५ ग्रॅम गुलाबी मिठातून पोटॅशियम मिळते ते जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम. एका केळ्यात ते साडेतीनशेच्या पुढे असते. लोह हवे असेल तर माण-खटावची बाजरीची भाकरी कोणत्याही मिठापेक्षा चांगली.

आयुर्वेद काय म्हणतो?

सैंधवाच्या बाजूने आयुर्वेदाचा दाखला हमखास दिला जातो. आयुर्वेदाने लवणांमध्ये सैंधवाला वरचे स्थान दिले आहे, हे खरेच. पण दाखला अर्ध्यावर सोडू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि लवण या तीन गोष्टी अति प्रमाणात वापरू नयेत असे बजावले आहे. म्हणजे मिठाचा प्रकार सांगणाऱ्या परंपरेनेच मिठाची मर्यादाही सांगून ठेवली आहे. आपण सोयीची अर्धी गोष्ट घेतली.

किती मीठ चालते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. सोडियमच्या भाषेत ते २००० मिलिग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा, शिगोशीग नव्हे, म्हणजे साधारण ५ ते ६ ग्रॅम. यात भाजी, आमटी, चटणी, लोणचे, पापड, फरसाण, बाहेरचा वडा सगळे आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७-१८ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतीय प्रौढ सरासरी सुमारे ८ ग्रॅम मीठ खातात, असे दिसून आले. रुग्णासाठी योग्य मर्यादा यापेक्षा वेगळी असू शकते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.

आपल्या घराचा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. मिठाचा १ किलोचा पुडा उघडला की त्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात तो ३० दिवसांत संपला, तर माणशी रोज ८ ग्रॅमहून थोडे अधिक मीठ झाले. मर्यादेत राहायचे असेल तर त्याच घराला महिन्याला ६०० ग्रॅम पुरायला हवे, म्हणजे किलोचा पुडा ५० दिवस चालला पाहिजे. लोणची घालणे, पाहुणे, लहान मुले यांमुळे हा हिशोब थोडा इकडेतिकडे होईल. तरीही 'आम्ही मीठ कमीच खातो' या वाक्यापेक्षा तो खरा असेल.

न दिसणारे मीठ कुठे आहे?

या भागाच्या जेवणाची एक जमेची बाजू आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी बहुतेक घरांत बिनमिठाचीच थापली जाते. पाव, बिस्किटे, खारी यांत मीठ आधीच मिसळलेले असते. ते कमी करणे आपल्या हातात नसते. भाकरीच्या ताटात मीठ येते ते कालवणातून आणि तोंडी लावण्यातून, म्हणजे जे आपल्या हातात आहे त्यातून.

पण तिथेच ते दडूनही बसते. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी कांडपावरून येते, तेव्हा तिच्यात मीठ पडलेलेच असते. ते चवीसाठी आणि टिकण्यासाठीही असते. प्रमाण घरागणिक वेगळे. हिशोबासाठी समजा, चार माणसांच्या घरात वर्षाला सहा किलो चटणी लागते आणि तिच्यात पाऊण किलो मीठ आहे. म्हणजे माणशी रोज अर्धा ग्रॅम मीठ चटणीतूनच गेले. दिवसाच्या मर्यादेचा दहावा हिस्सा. आमटीत नंतर घातलेले मीठ वेगळे. खर्डा, खारवलेली मिरची, लोणच्याची फोड, सांडगे, कुरडया, पापड यांचा हिशोब त्याहून वेगळा. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते, चव खारट लागली नाही तरी. संध्याकाळच्या चहाबरोबर मूठभर भडंग किंवा शेव झाली की पथ्यातील उरलेली जागाही भरते.

पाकीटबंद पदार्थांवर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे. पाकिटावर पुढच्या बाजूला 'सैंधवयुक्त' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले तरी वाचायचा तो मागचा आकडाच.

आयोडीनचा प्रश्न का महत्त्वाचा?

मिठात आयोडीन घालण्यामागे मोठा इतिहास आहे. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंडाचे प्रमाण घटते हे दाखवून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९९२ मध्ये त्याचे नाव आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले. कारण प्रश्न फक्त गळ्यावरच्या गाठीचा नव्हता. गरोदरपणात आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, तो नंतर भरून निघत नाही. आज अन्नसुरक्षा नियमांनुसार थेट खाण्यासाठी विकले जाणारे मीठ आयोडीनयुक्त असणे बंधनकारक आहे. जनावरांसाठी, अन्न टिकवण्यासाठी, औषधासाठी किंवा उद्योगासाठी असलेल्या मिठाला त्यातून सूट आहे.

सुट्या जाड्या मिठात किंवा साध्या सैंधवात आयोडीन नगण्य असते. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर आणि स्तनदा मातांना २५०. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. म्हणजे दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून किमान ७५ मायक्रोग्रॅम, साधारण निम्मी गरज भागते. उरलेले दूध, अंडी, मासे यांतून मिळायचे. सातारा-सांगलीत रोजच्या ताटात समुद्राचे मासे असणारी घरे थोडीच. पाटण, जावळी, महाबळेश्वरसारख्या डोंगरी, धुवाधार पावसाच्या भागांत तर मातीतले आयोडीन पाण्याबरोबर वाहून जाण्याचा धोका असतोच.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे. जो माणूस मीठ थोडेच खाणार आहे, त्याच्या मिठाच्या प्रत्येक चिमटीत आयोडीन असणे अधिक गरजेचे आहे. आणि बरणी एकच असते. आजोबांच्या रक्तदाबासाठी आणलेले बिनआयोडीनचे सैंधव घरातल्या गरोदर सुनेच्या आणि शाळकरी नातवंडांच्या ताटातही जाते. सैंधवाची चव आवडतच असेल तर पुड्यावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेले पाहून घ्यावे. थायरॉइडचा विकार असलेल्यांनीही स्वतःच्या मनाने आयोडीन बंद करू नये. ते डॉक्टरांना विचारावे.

'लो सोडियम' मीठ चालेल का?

इथे सर्वाधिक सावध राहायला हवे. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. त्याचा उपयोग सिद्ध झाला आहे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये घरगुती वापरासाठी त्याची सशर्त शिफारस केली. मात्र गरोदर स्त्रिया, मुले आणि मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या व्यक्तींना त्यातून स्पष्टपणे वगळले.

कारण गंभीर आहे. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर जादा पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही. ते रक्तात वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीवावर बेतू शकते. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांमुळेही रक्तातील पोटॅशियम वाढते. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या घरात प्रेमापोटी आणलेला असा पुडा घातक ठरू शकतो. सैंधवाने होणारे नुकसान बहुधा हळूहळू होते. हे नुकसान काही दिवसांतही होऊ शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणूच नये.

मग स्वयंपाक कसा करायचा?

'मीठ चवीनुसार' हे पाककृतीतले शेवटचे वाक्य पथ्याच्या घरात चालत नाही. सकाळी दिवसभराचे मीठ एका लहान वाटीत मोजून काढावे. चार निरोगी माणसांसाठी चहाचे सपाट अडीच चमचे. उरलेला वाटा चटणी, लोणचे आणि पदार्थांत मुळातच असलेल्या सोडियमसाठी सोडावा. रुग्णासाठी डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरावा. वाटी संपली की त्या दिवसाचे मीठ संपले.

चटणी कांडताना मीठ आधीच कमी ठेवता येते. थोडी चटणी बिनमिठाची वेगळी कांडून घेतली तर उत्तम. मात्र ती थोडी थोडी करावी, कांदा-लसूण नीट वाळवून घ्यावा आणि डबा थंड जागी ठेवावा. लिंबू, चिंच, आमसूल, भाजलेला लसूण, जिरे, कोथिंबीर यांनी अळणीपणा झाकला जातो. तीळ, कारळे, जवस यांच्या चटण्या बिनमिठाच्याही गोड लागतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र आहारतज्ज्ञांना विचारून त्या खाव्यात. ताकात मीठ न घालता जिरे घालावे. पानात आधी मीठ वाढायची आपली रीत आहे. ती काही काळ बाजूला ठेवली तर कोणाचा अपमान होत नाही. जीभ काही आठवड्यांत कमी मिठाला सरावते, हा अनुभव अनेकांना आहे.

उलट टोकही गाठू नये. शेतात, ऊसतोडीत, उन्हातान्हात राबणाऱ्याच्या घामातून मीठ जाते. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनी मीठ पूर्ण बंद केले तर रक्तातील सोडियम घसरून ग्लानी, गोंधळ, तोल जाणे असे त्रास होऊ शकतात. म्हणून 'अळणीच खातो' हा निर्णयही डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

पथ्य एकट्याचे की घराचे?

रुग्णासाठी वेगळे पातेले ठेवण्याची पद्धत महिनाभर टिकते. मग करणारी थकते आणि खाणारा कंटाळतो. सुनेने किंवा बायकोने दोन-दोन भाज्या कराव्यात ही अपेक्षा अन्यायाची आहे आणि बहुतेक वेळा निरुपयोगीही. देशाची सरासरीच मर्यादेच्या दीडपट असेल, तर मीठ कमी करण्याची गरज आजोबांपुरती नाही. एकाच पातेल्यातले मीठ सगळ्यांसाठी कमी झाले तर पथ्य निमूटपणे पाळले जाते आणि मुलांची जीभही लहानपणीच कमी मिठाला सरावते.

जबाबदारी दवाखान्याचीही आहे. गोळी 'थोडी घ्या' असे कोणी लिहीत नाही. मग मीठ 'कमी करा' एवढेच का लिहावे? दिवसाला किती चमचे, कोणते मीठ चालेल, कोणते अजिबात नाही, हे चार शब्द मराठीत लिहून दिले तर मोबाइलवरच्या व्हिडीओला ती जागा भरायला मिळणार नाही. आशाताई घरोघरी रक्तदाबाची चौकशी करतात, तेव्हा 'मिठाचा पुडा किती दिवस जातो?' एवढा एक प्रश्न त्यांच्या विचारपुशीत यायला हवा. त्यासाठी वेगळी योजना किंवा निधी लागत नाही.

आणि रुग्णांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढे विचारावे : मला दिवसाला किती चमचे मीठ चालेल? उत्तर कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद मिठाच्या बरणीवर चिकटवावा. बरणीत मीठ गुलाबी असो की पांढरे, त्या कागदावरच्या आकड्याइतकेच बाहेर काढायचे आहे.